सात गोळ्या, शंभर माणसं : रहस्यपट कसा उभा राहतो

एक कथा गृहीत धरू. पुण्यात सदाशिव पेठेतला जुना वाडा. निवृत्त गणित-मास्तर नाना तिथे एकटे राहतात. 10 जुलै 2025, गुरुपौर्णिमा. सकाळी जुना विद्यार्थी फुलं घेऊन येतो तर नाना पलंगाशेजारी मेलेले, डोक्याला मार. पुतण्या सांगतो, "काल रात्री दहाला माझ्यादेखत बीपीची गोळी घेतली आणि आडवे झाले." दहानंतर पुतण्या कुठे होता याला चार साक्षीदार आहेत. टेबलावर गोळ्यांची स्ट्रिप पडलेली आहे. दहा गोळ्यांची, रविवारी रात्री नवी फोडलेली, रोज रात्री एक. रविवार ते बुधवार चार गेल्या, सहा उरायला हव्यात. उरल्यात सात. बुधवारची गोळी नानांनी घेतलीच नाही, कारण दहाच्या आधीच त्यांचा खून झाला होता.

कागदावर हा पुरावा चार ओळींत मावतो. पडद्यावर मात्र त्याला एक चमत्कारिक अट लागू होते: सात गोळ्या प्रत्येक प्रेक्षकाला दिसल्या पाहिजेत आणि शेवटच्या पंधरा मिनिटांपर्यंत कुणाच्या डोक्यात शिरता कामा नयेत. दिसल्याच नाहीत तर शेवटी "फसवलं" म्हणून लोक चिडतात. जास्त दिसल्या तर मध्यंतरात वडापावच्या रांगेतच पुतण्याचं नाव फुटतं. हे तारतम्य एकट्या दिग्दर्शकाच्या हातात नसतं. मध्यम आकाराच्या मराठी चित्रपटाच्या सेटवर शंभराच्या आसपास माणसं असतात आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचा या स्ट्रिपशी कधी ना कधी संबंध येतो.

सुरुवात लेखकापासून, आणि तीही शेवटाकडून. रहस्यपटाचा लेखक आधी गुन्हा जसा घडला तसा घड्याळाच्या क्रमाने लिहून काढतो: बुधवारी सातला कोण कुठे, आठला कोण कुठे, दहाला कोण. दुसऱ्या तक्त्यात प्रेक्षकाला कुठल्या सीनमध्ये काय कळतं ते. तिसऱ्यात गुप्तहेराला काय, कधी कळतं ते. दुसरा आणि तिसरा तक्ता शेजारी ठेवून बघायचं. प्रेक्षकाला जास्त माहीत असेल तिथे धाकधूक, गुप्तहेराला जास्त माहीत असेल तिथे कुतूहल. पण प्रेक्षकाला एकदाही न दाखवलेली गोष्ट उलगड्यात उगवली की सगळा डाव फुकट.

रविवारच्या सीनला गोळी घेण्याखेरीज दुसरं काम नसेल, तर प्रेक्षक स्ट्रिपकडेच बघणार. म्हणून लेखक नेमका त्याच वेळी फोन वाजवतो. वाड्याच्या पुनर्विकासावरून बिल्डरच्या माणसाशी खडाजंगी. नाना बोलता बोलता स्ट्रिप फोडतात, घोट घेतात, "सही करणार नाही म्हणजे नाही" म्हणून ओरडतात. प्रेक्षकाचे कान बिल्डरकडे, आणि स्ट्रिप तेवढ्यात दिसून जाते. तो रविवार आहे हे सांगायला संवाद लागत नाही. 6 जुलैला आषाढी एकादशी होती, ताटलीत साबुदाण्याची खिचडी ठेवली की झालं. उरतो एक आक्षेप: नाना मधेच एखाद्या रात्री गोळी विसरले असतील तर? म्हणून भिंतीवर कॅलेंडर. गोळी घेतली की नाना त्या तारखेवर पेनाने टिंब करतात. रविवार, सोमवार, मंगळवार टिंब आहे. बुधवारीही आहे, ते पुतण्याने आपली थाप पक्की करायला केलं. टिंब चार, गोळ्या सात. चांगल्या रहस्यकथेत गुन्हेगार हुशारी करायला गेला तिथेच सापडतो, निष्काळजीपणात सापडला तर मजा जाते.

मग मसुदा दोन सल्लागारांकडे जातो. पहिला न्यायवैद्यकाचा डॉक्टर. पहिल्या मसुद्यात हमखास एक वाक्य असतं, "मृत्यू रात्री आठ वाजून दहा मिनिटांनी झाला." डॉक्टर त्यावर काट मारतो. मृत्यूनंतर शरीर ताठरतं, सुरुवात पापण्या-जबड्यापासून दोनेक तासांत, पूर्ण ताठरायला साधारण बारा तास, उकाड्यात त्याहून लवकर. त्यावरून काही तासांचा अंदाज बांधता येतो, आठ की दहा हे छातीठोक सांगता येत नाही. ही काट कथेच्या पथ्यावरच पडते. शवविच्छेदनातच वेळ कळली असती तर सात गोळ्यांची गरज काय होती?

दुसरा सल्लागार निवृत्त पोलीस अधिकारी. त्याच्या दुरुस्त्या जास्त असतात. सुरुवातीला नोंद होईल ती अकस्मात मृत्यूची. खुनाचा गुन्हा दाखल होताना "कलम 302" म्हणायचं नाही: 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि खुनाच्या शिक्षेचं कलम 103 आहे. जुन्या सवयीने अजून 302 लिहिलं जातं आणि थिएटरमधला एखादा वकील मोठ्याने हसतो. नव्या कायद्यात झडती-जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण करायचं असतं. लेखकाला हे ठाऊक नसेल तर कथेला भगदाड पडतं. उद्या "पोलिसांनीच एक गोळी वाढवली" असा बचाव आला तर साधं उत्तर आहे, व्हिडिओ बघा. शिवाय खाजगी गुप्तहेराला झडतीचा अधिकार नसतो. वारसाच्या वकिलाकडून पंचनाम्याची प्रत मिळवूनच त्याला वाचावी लागते. तेव्हा "7 गोळ्या शिल्लक" ही ओळ त्या कागदावर हवी.

इथून काम पहिल्या सहायक दिग्दर्शकाकडे. तो पटकथेचा ब्रेकडाऊन करतो: प्रत्येक सीनला पात्रं कोण, जागा कुठली, प्रॉपर्टी (म्हणजे सीनमधल्या वस्तू) काय, दिवस की रात्र, आणि कथेतला कितवा दिवस. हा शेवटचा रकाना साध्या कौटुंबिक चित्रपटात वरवर भरला तरी चालतो, रहस्यपटात नाही. शूटिंग कथेच्या क्रमाने होत नाही. वाडा पाच दिवसांसाठी भाड्याने घेतला की नानांच्या खोलीतले सगळे सीन त्याच पाच दिवसांत. रविवारची खिचडी, गुरुवारचं प्रेत, शेवटच्या उलगड्यातला फ्लॅशबॅक, सगळं आलटूनपालटून. बहुतेक वेळा नाना आधी मरतात आणि दोन दिवसांनी गोळी घेतात, कारण विद्यार्थ्याचं काम करणाऱ्या नटाच्या तारखा तेव्हाच असतात. मुंबईत शिफ्ट बारा तासांची. पुढे ओव्हरटाइम लागतो, म्हणून पॅकअपच्या आधीच्या अर्ध्या तासात सगळ्यात जास्त चुका होतात. बारीकसारीक पुराव्यांचे शॉट्स त्या अर्ध्या तासात लावू नयेत. लावले जातात मात्र तेव्हाच, "छोटा शॉट आहे, उरकून घेऊ" म्हणत.

आता ती स्ट्रिप बनवायची कशी, हे कला विभागाचं डोकेदुखीचं काम. खऱ्या औषधाचं नाव वापरता येत नाही, कंपनी हरकत घेते. म्हणून ग्राफिक करणारा एक काल्पनिक नाव घेतो, ते बाजारात कुठे नाही ना हे तपासतो आणि फॉइलवरचा मजकूर तयार करतो: बॅच नंबर, उत्पादनाचा महिना, मुदत. मुदत जुलै 2025 च्या पुढचीच हवी. गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारी आहे, म्हणजे लाल पट्टी आणि इशाऱ्याचा मजकूरही आला. छापायचं कशावर? औषधांचं पॅकिंग करणाऱ्या एखाद्या छोट्या युनिटमधून साखरेच्या गोळ्या भरून स्ट्रिप करून घेतल्या तर उत्तम. ते जमलं नाही तर कॅल्शियमच्या तयार स्ट्रिपच्या पाठीवर चंदेरी स्टिकर. स्टिकर जाड निघाला की गोळी दाबून बाहेरच येत नाही, ज्येष्ठ नट अंगठ्याने झगडत बसतो आणि टेक वाया जातो. चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी पाच-सहा स्ट्रिप फोडून बघणं एवढाच यावर उपाय.

किती स्ट्रिप लागतील याचा हिशोब सरळ आहे. रविवारच्या सीनमध्ये प्रत्येक टेकला एक भरलेली स्ट्रिप खर्च होते. तीन अँगल, प्रत्येकी पाच टेक, पंधरा झाल्या. तालमीला तीन. सात गोळ्या उरलेल्या अवस्थेतल्या चार: एक टेबलावर, एक पुराव्याच्या पाकिटात, एक क्लोजअपसाठी, एक राखीव. बावीस. पंचवीस करून ठेवतात. तिन्ही रिकामे कप्पे कुठले हेही ठरलेलं असतं. दोन ओळींत पाच-पाच गोळ्या, नाना वरच्या ओळीत उजवीकडून सुरुवात करतात, कारण ते गणिताचे मास्तर आहेत, कुठूनही टोचून गोळी काढणार नाहीत. प्रत्येक अवस्था वेगळ्या पिशवीत, पिशवीवर मार्करने आकडा. प्रॉपर्टी सांभाळणाऱ्या दादाच्या पेटीतून ती पिशवी सीन लागल्यावरच बाहेर येते, आणि पॅकअपला मोजून परत जाते. चहाच्या वेळी स्ट्रिप टेबलावर राहिली तर कुणीतरी चाळा म्हणून एक गोळी टचकन काढतोच.

पंचनाम्याचा कागदही याच विभागाचा. हस्ताक्षर पोलीस हवालदाराचं वाटलं पाहिजे, सुलेखनकाराचं नव्हे. दोन पंचांच्या सह्या वेगळ्या पेनांनी. "गोळ्या 7 (सात)" असं अंकी आणि अक्षरी दोन्ही लिहायचं. कॅमेरा कागदावरून सरकताना चार सेकंद थांबणार असेल तर संपूर्ण पान खरं लिहावं लागतं. वर-खाली काहीतरी गिरगटलेलं असेल तर घरी पॉज करून बघणारा प्रेक्षक ते वाचतोच. लिहिणाऱ्याने सवयीने "6" लिहिलं आणि कुणी तपासलं नाही, तर चित्रपट तिथेच संपला. अशा एका अंकासाठी कागदावर तिघांची तपासणी हवी: लेखक, सहायक दिग्दर्शक आणि कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटमधलं दुसऱ्याशी जुळतं का हे बघणारा.

कंटिन्युइटी सांभाळणारा सहायक हा रहस्यपटातला सगळ्यात कमी नावाजलेला आणि सगळ्यात जास्त जबाबदारीचा माणूस. दर टेकला तो टिपतो: कुठल्या शब्दावर गोळी काढली, कुठल्या हाताने, ग्लासात पाणी किती, चष्मा डोळ्यावर की कपाळावर, खिडकीचं दार किती उघडं. सोबत फोटो. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढून ठेवतात आणि शॉट लागला की काटे हाताने लावतात, नाहीतर एकाच संवादात सव्वानऊचे पावणेअकरा होतात. इतर चित्रपटांत अशी चूक झाली तर लोक हसून सोडून देतात. रहस्यपटात चूक म्हणजे खोटा पुरावा. गुरुवारी नानांचा चष्मा टेबलाच्या डाव्या बाजूला आणि पुढच्या सीनमध्ये उजव्या बाजूला दिसला, की चाणाक्ष प्रेक्षक "कुणीतरी खोलीत येऊन गेलं" असा धागा पकडतो आणि शेवटपर्यंत त्याच्या उत्तराची वाट बघतो. ते उत्तर येणार नसतं.

कपडेपटाचाही असाच हिशोब. डोक्याला मार म्हणजे सदऱ्यावर रक्त, म्हणजे एकसारखे पाच-सहा सदरे, तेवढ्याच धुतीचे. खरं रक्त वाळलं की तपकिरी पडतं, सेटवरचं साखरेच्या पाकातलं रक्त लालच राहतं. मृत्यू रात्री आठचा आणि सीन सकाळचा, तेव्हा रंगभूषाकाराला तपकिरी छटा मुद्दाम करावी लागते.

कॅमेऱ्याकडे आल्यावर खरा पेच सुरू होतो. स्ट्रिपचा सरळ क्लोजअप घेतला तर प्रेक्षकाला बोट दाखवून सांगितल्यासारखं होतं. म्हणून छायाचित्रकार स्ट्रिप फ्रेमच्या पुढच्या कोपऱ्यात ठेवतो आणि मागे पंच, हवालदार, रडणारा पुतण्या यांची गर्दी. दोन्ही स्पष्ट दिसायचं तर लेन्सचं छिद्र लहान करावं लागतं: एफ 2.8 ऐवजी एफ 8. हा फरक तीन स्टॉपचा, म्हणजे आठपट उजेड लागतो. वाड्याच्या अंधाऱ्या खोलीत आठपट उजेड म्हणजे गॅफर (लाईट विभागाचा प्रमुख), लाईटवाले दादा आणि जनरेटर चालवणारा, सगळ्यांचं काम वाढलं. मोठे लाईट खिडकीबाहेर परांचीवर चढवायचे आणि तरी आत ढगाळ सकाळ वाटली पाहिजे. फॉइल चमकते, एका कोनातून ती आरशासारखी पेटते आणि कप्पे मोजताच येत नाहीत. मग एक काळा कटर (उजेड अडवणारा फलक) असा लावतात की फॉइलवरची चकाकी मरेल पण गोळ्यांचे उंचवटे दिसतील. फोकस पुलर टेपने अंतर मोजून खुणा करतो.

खोलीत ट्यूबलाईट असेल तर आणखी एक भानगड. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून साधी ट्यूब सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त उजळते. चित्रपट सेकंदाला 24 फ्रेम्सने चालतो. शटर 180 अंशांवर ठेवलं तर प्रत्येक फ्रेमला 1/48 सेकंद मिळतो, तो या लयीत बसत नाही आणि चित्र फडफडण्याचा धोका राहतो. 172.8 अंश केलं की बरोबर 1/50 सेकंद होतो आणि फडफड जाते. कॅमेरा असिस्टंटने हा आकडा बदलायचा राहिला आणि लहान मॉनिटरवर कुणाच्या लक्षात आलं नाही, तर ते थिएटरमध्ये कळतं.

रोजचं फुटेज सांभाळणारा डीआयटी (डिजिटल इमेजिंग टेक्निशियन) कार्डवरचा डेटा दोन वेगळ्या ड्राइव्हवर उतरवतो, दोन्ही प्रती मूळाशी ताडून बघतो आणि मगच कार्ड कोरं करायला देतो. कॅमेऱ्याच्या रॉ फाइल्स तासाला एक टेराबाइटच्या आसपास किंवा त्याहून जास्त भरतात, त्यामुळे रात्री दोन वाजता "एकच कॉपी ठेवू आज" असा मोह होतो.

नट निवडणाऱ्यालाही रहस्य सांभाळावं लागतं. पुतण्याच्या चार सीनच्या भूमिकेत नावाजलेला नट घेतला तर प्रेक्षक पहिल्याच प्रवेशाला ओळखतो. मग एक तर आणखी दोन छोट्या भूमिकांत तेवढीच ओळखीची माणसं घ्यायची, नाहीतर पुतण्या नवखा. फ्लॅशबॅकच्या आधी खुन्याचे फक्त हात किंवा पाय दाखवायचे असतील तर तिथे डबल वापरतात. त्याची चाल, बोटं, डावरेपण मूळ नटासारखं हवं, पण इतकंही नको की सिनेमाच्या मध्यातच ओळखू यावं.

आवाजाकडे रहस्यपटात अर्धं काम असतं आणि त्याचं श्रेय पाव मिळत नाही. स्ट्रिप फुटताना होणारा तो बारीक "टच्" ध्वनिमुद्रकाला सेटवर स्वच्छ मिळत नाही. जुलै आहे, म्हणजे पत्र्यावर टँकरच्या पाण्याचा खोटा पाऊस, लांब ठेवलेला जनरेटर, गल्लीतली रिक्षा. म्हणून तो आवाज नंतर फोली कलाकार स्टुडिओत चित्र बघत वेगळा करतो, खऱ्या स्ट्रिपवर, माइक वीतभर अंतरावर. रविवारच्या सीनमध्ये "टच्" ऐकू येतो. बुधवारच्या रात्री, दारापलीकडे उभी असलेली शेजारीण ऐकते ते पाऊस, कपाटाचं दार, पावलं. "टच्" नाही. न वाजलेला आवाज हाही पुरावाच, पण तो न्याय्य ठरायला आधी वाजलेला आवाज प्रेक्षकाच्या कानात बसलेला हवा. सेटवर ध्वनिमुद्रक प्रत्येक खोलीचा अर्धा-एक मिनिट नुसता शांततेचा आवाज घेऊन ठेवतो. तेवढा वेळ शंभर माणसांना हलू न देणं हे सहायकांचं कसब.

संगीतकाराने पुतण्या आत येताच खालचा स्वर लांबवला की बाकी सगळ्यांची मेहनत पाण्यात. त्यामुळे पार्श्वसंगीतावरची पहिली चर्चा बहुधा संगीत कुठे नको यावरच होते.

हे सगळं येऊन पडतं संकलकाच्या टेबलावर. पुढच्या कोपऱ्यातल्या स्ट्रिपचा तो शॉट किती लांब ठेवायचा? 24 फ्रेम्स म्हणजे एक सेकंद, तेवढ्यात डोळा पुतण्याच्या चेहऱ्यावरच जातो. 72 ठेवल्या तर भटकत स्ट्रिपवर येतो. संवाद कुठे संपतो हेही महत्त्वाचं: बोलणं थांबल्यावर शॉट जेवढा रेंगाळेल तेवढा प्रेक्षक फ्रेम शोधायला लागतो. म्हणून संकलक पुतण्याच्या वाक्याच्या मधेच कापतो. अडचण अशी की संकलकाला खुनी माहीत आहे. त्याला स्ट्रिप दर वेळी ओरडताना दिसते. खरा निकाल कोऱ्या माणसाकडूनच मिळतो, आणि माणूस एकदाच कोरा असतो. त्यामुळे चाचणीला बोलावलेले प्रेक्षक पुरवून वापरावे लागतात: पहिल्या कटला सात-आठ जण, दुरुस्तीनंतर वेगळे सात-आठ. मित्रमंडळींना एकदम गोळा करून दाखवलं की दुसऱ्या कटला विचारायला कुणी उरत नाही. विचारायचं असतं ते "आवडला का?" नव्हे, तर "मध्यंतरात संशय कुणावर होता, आणि का?" सगळ्यांनी पुतण्या म्हटलं तर शॉट छोटा करायचा. शेवट बघूनही कुणाला स्ट्रिप आठवली नाही तर पुन्हा लांब.

रंग जुळवणारा कलरिस्ट अंधार घडवतो आणि त्यातच पुरावे बुडतात. थिएटरच्या पडद्याचा प्रमाणित उजेड सुमारे 48 निट्स (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप), घरचा टीव्ही त्याच्या कितीतरी पुढे. बऱ्याच जुन्या पडद्यांवर दिवा म्हातारा झाल्याने तेवढाही मिळत नाही. म्हणून टेबलापुरता एखादा टप्पा उजळ ठेवून, एखाद्या साध्या थिएटरात चालवून बघावं लागतं. ओटीटीसाठी वेगळी प्रत.

सेन्सॉरकडे जाताना रहस्यपटाला एक खास अडचण असते. प्रमाणपत्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत गुन्हेगारांची कार्यपद्धती दाखवू नये असं आहे. स्ट्रिपमधल्या गोळ्या मोजणं चालतं, पण कुठल्या औषधाची किती मात्रा जीवघेणी हे आकड्यासकट सांगणारा सीन असेल तर कात्री लागू शकते. सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या 2023 च्या दुरुस्तीनंतर यूए प्रमाणपत्राचे 7, 13 आणि 16 वर्षं असे तीन टप्पे झाले आहेत, खुनाच्या कथेला बहुधा 13 किंवा 16 पडतं. गुप्तहेर सिगारेट ओढत असेल तर पडद्यावर इशाऱ्याची पट्टी येते, शिवाय सुरुवातीला आणि मध्यावर तंबाखूविरोधी संदेश. वाड्यात मांजर फिरवायची तरी प्राणी कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगच्या आधी घ्यावी लागते. शूटिंग झाल्यावर आठवलं तर ती मांजर संकलकाला काढावी लागते, आणि ती नेमकी स्ट्रिपच्या शॉटमध्ये बसलेली असते.

सगळं पार पडल्यावरही रहस्य फोडू शकणारी दोन माणसं उरतात, आणि दोघांनीही सेट पाहिलेला नसतो. एक, ओटीटीवर चित्रपटाचा छोटा फोटो निवडणारा: त्याला सगळ्यात नाट्यमय फ्रेम हवी असते, आणि ती नेमकी पुतण्याला हातकडी घालतानाची असते. दुसरा, कर्णबधिरांसाठी पडद्यावरचे सबटायटल लिहिणारा. बुधवारी रात्री दारामागून जो घोगरा आवाज येतो, त्याच्या ओळीआधी त्याने नेमाप्रमाणे बोलणाऱ्याचं नाव टाकलं तर चित्रपट विसाव्या मिनिटाला सुटला. त्याला पटकथेबरोबर एक वेगळा कागद द्यावा लागतो: या सीनपर्यंत "पुरुषाचा आवाज", त्यानंतर नाव.